झाकायची राहिलेली बाजू

किटली जळाली. पाणी न घालताच तिनं ती गॅसवर ठेवली होती. मी बाहेरच्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत होतो, तेवढ्यात नाकाला वास आला. पत्रा तापल्याचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येतो, सगळी हयात गाड्यांचे पत्रे ठोकण्यात गेली; पण हा वास गॅरेजमधला, घरात कसा? आत गेलो तर किटलीचं बूड निळं-जांभळं पडलेलं आणि बाईसाहेब हाताची घडी घालून तिच्याकडं बघतायत, जशी काही ती किटली आता त्यांना कानात काहीतरी सांगणार आहे. मी गॅस बंद केला. म्हटलं, "अगं, डोळे फुटले का तुझे?" तर म्हणते, "फुटले असते तर बरं झालं असतं हो. मी बघितलं." म्हटलं, "काय बघितलंस?" "जे बघायचं नव्हतं ते."

दुसऱ्या कुणा नवऱ्याला बायकोनं सकाळी सकाळी असं काही ऐकवलं असतं तर त्याच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं असतं. माझ्या मनात एकच आलं, खिडकी. आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्या खिडकीपायी आमच्या घरात काय काय झालं नाही ते विचारा. सुट्ट्या गेल्या, माझ्या बहिणीच्या लग्नात ही निम्म्यातून उठून गेली, पोरीच्या तापात मी एकटा उशाशी बसलो. आणि कशासाठी? लोक काहीतरी दिसावं म्हणून जिवाचं रान करतात. हिचं सगळं उलटं. हिला एका ठिकाणी काहीच नाही हे बघायचं होतं.

आता हे तुम्हाला सांगायचं तर मला जमेल तसं सांगतो. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. तिनं मला जेवताना चमचे मांडून समजावलेलं, तेवढंच माझं शिक्षण. ती ज्या प्रयोगशाळेत आहे तिथं जमिनीखाली कणांना पळवतात आणि एकमेकांवर आदळतात. कण म्हणजे काय ते मला विचारू नका, तिला विचारून मी दमलो. पण अंगात वीज असलेल्या कणाला हिसका बसला की तो उजेडाचा दाणा टाकतो, फोटॉन म्हणतात त्याला, एवढं कळलं. दोन कण येतात. एकाच्या अंगात वीज दोन वाटे, दुसऱ्याच्या एक वाटा. दोघं मिळून तीन वाट्यांचा एक जड कण तयार होतो. आणि ह्या सगळ्या धुमश्चक्रीत तिघंही उजेड टाकतात. सगळीकडं टाकतात. फक्त एक दिशा अशी निघते की तिकडं काहीच जात नाही. ठार काळोख. कुणी टाकलं नाही म्हणून काळोख, असं नाही बरं का. तिघांनी टाकलेलं तिथं एकमेकांना खाऊन टाकतं, शिल्लक शून्य. आणि ती दिशा मधोमध नसते, ज्याच्या अंगात वीज कमी त्याच्याकडं झुकलेली असते. वीज मात्र तिघांची एकाच जातीची पाहिजे, अधिक तर सगळ्यांची अधिक, उणे तर सगळ्यांची उणे. आणि त्या जड कणाच्या अंगातलं चुंबक गणितात सांगितलंय अगदी तेवढंच पाहिजे. केसभर इकडंतिकडं झालं की त्या काळोखात उजेड गळायला लागतो. म्हणजे गणित खरं की खोटं, ते त्या काळोखाच्या फटीत ठरणार. चमचे आवरता आवरता ती म्हणायची, "किती सुंदर आहे ना हो?" मी म्हणायचो, "आमटी वाढ."

तर ती खिडकी. उजेडाचा एकेक दाणा कुठं गेला त्याचा चित्रात एकेक ठिपका पडतो, आणि जिथं काळोख असायला हवा तेवढा भाग हे लोक झाकून ठेवतात. कुणी बघायचंच नाही. कारण काय, तर सगळ्यांना तो हवाय. ज्याला काळोख हवाय तो एखादा नको असलेला ठिपका कचरा म्हणून काढून टाकतो, हवा असलेला ठेवतो, आणि त्याला कळतसुद्धा नाही आपण काय करतोय. म्हणून कुठला ठिपका खरा, कुठला कचरा, हे सगळं बाकीच्या भागावर ठरवायचं, ठरलं की त्याला हात लावायचा नाही, आणि मग एक दिवस सगळ्यांनी मिळून खिडकी उघडायची. त्याआधी जो बघेल त्यानं पुढं काही ठरवायचं नाही. बाजूला व्हायचं. हा त्यांचा नियम. आणि खिडकीवर झाकण घालायचं काम हिचं. हिनंच लिहिलेलं ते, कॉम्प्युटरवर. ह्या खेपेला ठिपक्यांचा नवीन गठ्ठा आला, हिनं झाकण नव्यानं लिहिलं, आणि काय केलं? अधिकवाल्यांचा काळोख पडतो डावीकडं. उणेवाल्यांचा आरशातल्यासारखा उलटा, उजवीकडं. हिला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आणि हिनं दोघांचीही डावी बाजूच झाकली. आदल्या संध्याकाळी कचरा मोजायचा म्हणून उणेवाल्यांचं चित्र उघडलं, तर उजवी बाजू समोर सताड उघडी.

"किती वेळ बघितलंस?" मी विचारलं. "लगेच बंद केलं हो. पण मला वाचता येतं ना." "मग काय होतं तिथं? काळोख का उजेड?" तिनं फडक्यानं किटली उचलली. "अगं, मला तरी सांग. मी काय त्या कणांना जाऊन सांगणाराय?" ती जळक्या किटलीत पाणी ओतायला लागली. फस्स झालं, वाफ उठली, तिचं तोंड दिसेना.

त्यांचा जो मोठा साहेब आहे त्याला मी कंगवा म्हणतो. डोक्यावर मोजून चार केस, पण खिशात कंगवा कायम. त्याला तिनं रात्रीच फोन केला होता. तो काय म्हणाला? "बाई, तुम्हाला बघताना कुणी बघितलं का?" नाही ना? मग विषय संपला. तुमच्याशिवाय हे काम पुढं नेणार कोण, दुपारच्या बैठकीत तोंड उघडू नका, झाकण दुरुस्त केलंत ना, झालं तर. माझं आणि कंगव्याचं आयुष्यात कधी पटलं नाही. एकदाच पटलं, ते त्या सकाळी. मी म्हटलं, "गप्प बस. अख्खं आयुष्य घातलंस, आता उघडायची वेळ आली आणि तू बाहेर उभी राहणार? चूक कुणाकडून होत नाही? एक क्षण डोळा गेला, एवढंच ना?" ती म्हणाली, "क्षणाचा प्रश्न नाही हो. आता कुठलाही ठिपका समोर आला की मला माहीत असणार, हा ठेवला तर काय होईल आणि काढला तर काय होईल." "मग प्रामाणिकपणे ठरव." "प्रामाणिक माणसालाच जमत नाही ते. लबाडाला निदान कळतं आपण लबाडी करतोय."

आणि माझं डोकं जास्तच सटकलं, कारण ह्यातलं काही मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. ठोकर बसलेल्या गाडीचा पोचा काढताना मी काय करायचो? नवीन रंगाचा पत्रा चकाकतो, डोळ्याला सपाट दिसतो, आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं की अजूनच सपाट दिसतो. तेव्हा तळव्याखाली पातळ फडकं घ्यायचं, डोळे मिटायचे आणि हात फिरवायचा. हाताला गिऱ्हाईक दिसत नाही. हे सगळं माझ्याच हाताला माहीत असताना मी तिला गप्प बस म्हणत होतो, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती की हा माणूस आता थकेल. मी थकलो नाही. पायातला बूट काढून भिंतीवर मारला. ती म्हणाली, "एक राहिला." खरंच एक पायातच होता.

आम्ही दोघंही तापट. हे पोरीला विचाराल तर ती हसेल. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, लोक घरात भांडतात हे मला सासरी गेल्यावर कळलं. आपल्याकडं कधी कुणाचा आवाज चढलाच नाही." कधी चढला नाही? ती आठवी-नववीत असताना आमच्यात असं काही पेटलं होतं की मी गॅरेजमध्ये झोपायचो आणि सकाळी अंघोळीला घरी यायचो. हिला दूरच्या प्रयोगशाळेत बोलावणं आलं होतं, माझं गॅरेज नुकतं बसत होतं, आणि दोघांनाही वाटत होतं आपलंच आयुष्य जळतंय. तिच्या अंगात राग दोन वाटे, माझ्या अंगात एक. खरं सांगतो, कमीच होता माझा, मी घरी राहणारा होतो ना. टेबलाला आम्ही दोघं दोन टोकांना, पोरगी मध्ये, माझ्याकडं जरा सरकून, ताटात मान घालून शाळेतलं काहीतरी सांगायची. आणि आम्ही दोघं कुकरासारखे धुमसत असताना ती बसायची त्या जागी काही म्हणजे काही जात नव्हतं. मला वाटायचं आम्ही तिच्यासाठी गिळतोय. आता वाटतं गिळलं कुणी नव्हतं. दोघंही पुरेपूर टाकत होतो. तिच्यापाशी पोचता पोचता ते जात असणार कुठंतरी. आणि पोरगी त्याला शांतता समजली आणि त्याच्यावर मोठी झाली. ह्याचा आनंद मानावा का संताप करावा, मला अजून कळलेलं नाही. मी आपला संताप करतो. मला तेच येतं.

दुपारच्या बैठकीत तिनं सांगितलं. उभी राहिली आणि सांगितलं, झाकण मी चुकवलं, मी बघितलंय, मला काढा. काढलं. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी टोचून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. तिला पाइपांच्या थंडाव्याचं काम दिलं, खालच्या मजल्यावर, जिथं एक पंखा दिवसभर घरघरतो. संध्याकाळी मी तिला आणायला जायचो तेव्हा बघायचो. ती उपाहारगृहात शिरली की टेबलावरचं बोलणं बंद. ती चष्मेवाली, हिच्या हाताखाली तयार झालेली, हिला आई मानणारी, ती फरशीकडं बघायला लागायची. एकजण चहाचा पेला घेऊन खांबाआड गेला. खांबाआड! जशी काही हिला साथीचा रोग झालाय. मी म्हटलं, "ही काय माणसं आहेत का कोण आहेत? तुझ्या तोंडाकडं बघत नाहीत!" ती गाडीत बसता बसता म्हणाली, "बघायचंच नाहीये त्यांना. माझ्या तोंडावरून काही कळलं तर सगळं पुन्हा वाया जाईल. मीच सांगितलंय तसं." "तूच?" "हो. तुमचा पट्टा लावा." मी पट्टा लावला आणि इतक्या जोरात दार आपटलं की काच खाली गेली ती वर येईना. ती काच मी स्वतः बसवलेली.

आणि घरात? घरातही तोंडाला कुलूप. मी नाना युक्त्या केल्या. म्हटलं, बोलू नकोस, नुसती मान हलव. नाही. म्हटलं, वाईट असेल तर भाजीत मीठ जास्त घाल, चांगलं असेल तर कमी घाल, कोण विचारतंय? त्या दिवशी मीठ इतकं बरोब्बर पडलं की माझं डोकंच उठलं. झोपेत बोलते का म्हणून जागा राहिलो, तर मीच सकाळी डुलक्या काढायला लागलो. ती भांडी घासायला उभी राहिली की माझ्याकडं पाठ, नळ मोठा सोडलेला, खांदे जरा जरा हलतायत. रडतेय, मी समजायचो. आणि काय समजणार? चांगलं असतं तर माणूस एवढं गप्प राहतं का? म्हणजे तिथं उजेड निघाला होता. म्हणजे ज्याच्यासाठी उभं आयुष्य घातलं ते खोटं होतं, आणि ते हिला एकटीला माहीत होतं, आणि वर खालच्या मजल्यावर पंख्याची घरघर. मी तिच्या पाठीकडं बघत मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचो. कंगव्याला, चष्मेवालीला, खांबाआडच्याला, त्या अर्धवट चुंबकाला. दुकानात सुट्ट्यावरून भांडलो, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर ओरडलो, पोरीच्या फोनवर तुटक बोललो. एकदा प्रयोगशाळेच्या दारात कंगवा दिसला तर म्हटलं, "केस कुणाचे विंचरता हो एवढे? आहेत का?" तो कसनुसा हसला आणि म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे." रागावलेल्या माणसाला बरोबर आहे म्हणणाऱ्याइतका वैरी नाही.

उघडायचा दिवस आला. तिनं इस्त्रीचे कपडे घातले. मला वाटलं आत बसणार. सगळं ठरून झालं होतं, आता बसायला हरकत नव्हती, कंगव्यानं स्वतः येऊन सांगितलं, "बाई, आत या की. आता काय फरक पडतो?" तर ही म्हणते, "त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. माझ्या तोंडाकडं बघत बसतील." आणि बाहेरच्या बाकावर बसली. मी शेजारी. लांबलचक बोळ, दिवे पांढरे, फरशीला औषधाचा वास. एकेकजण आमच्यासमोरून आत गेला, पायांकडं बघत. दार लागलं. मी म्हटलं, "आता तरी सांग. आता कुणाचं काय बिघडतंय?" "थांबा हो जरा." "अगं मी तुझा नवरा आहे का कोण आहे?" "म्हणूनच थांबा." तिनं माझं मनगट धरलं. ते तिनं इतकं घट्ट आवळलं की मला वाटलं आता आतून काहीच आवाज येणार नाही, माणसं मान खाली घालून बाहेर येतील आणि मला हिला धरून घरी न्यावं लागेल. मी तयारीत बसलो. कंगवा बाहेर आला की त्याला काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग एकदम कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच बोलायला लागले, कुणी टेबल बडवत होतं. दार धाडकन उघडलं आणि चष्मेवाली बाहेर आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं हिच्या डोळ्यांत बघितलं. "मॅडम, काळोख आहे. दोन्हीकडं. डावीकडं अधिकवाल्यांचा, उजवीकडं उणेवाल्यांचा. गणितात सांगितलाय तिथंच." आणि रडायलाच लागली.

"हो गं," माझी बायको म्हणाली. "मला माहीत आहे."

मला दोन मिनिटं कळेना. मग कळलं. मी तिच्याकडं वळलो. "थांब. तुला काळोखच दिसला होता?" "इतका स्वच्छ हो. असा खड्डा पडलेला." "म्हणजे चांगलंच दिसलं होतं." "चांगलंच." "आणि तू भांडी घासताना रडत होतीस ते?" "रडत कुठं होते? हसू आवरायचं नाही. म्हणून तर नळ मोठा सोडायचे." मी उभाच राहिलो. "इतके महिने तू आनंदात होतीस?" "रोज." "माझ्या शेजारी बसून?" "मग अजून कुणाच्या शेजारी बसणार?" "आणि मी इकडं गावभर भांडणं करत फिरतोय! कुत्र्यावर ओरडलो मी, कुत्र्यावर! तुला एकदाही वाटलं नाही, ह्याला सांगावं?"

"रोज वाटलं," ती म्हणाली. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. "रोज, अगदी दातांपर्यंत यायचं. पण तुमचं तोंड म्हणजे पाटी आहे हो. तुम्ही संध्याकाळी मला न्यायला यायचात आणि सगळे तुमच्याकडं बघायचे. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दारातून शीळ घालत आला असतात. तुमच्या रागावरून कुणाला काही कळलं नाही, कारण तुम्हालाच काही माहीत नव्हतं."

इतके महिने जपून, पोसून, तिच्यासाठी म्हणून वाढवलेला राग, आणि बाईसाहेबांनी तो दाराला पडदा लावावा तसा वापरला. चष्मेवाली डोळे पुसत हसायला लागली. आत कुणीतरी हिला हाक मारली, मग दोघातिघांनी मारली, कंगवा दारात येऊन नुसता बाजूला सरकून उभा राहिला, तिला वाट देऊन. ती उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चला, तुम्हीपण बघा." मी म्हटलं, "नाही येत." "अहो, या ना." "नाही म्हटलं ना." ती गेली. दार उघडंच राहिलं. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, भांडणाचा, हा ठिपका इथं कसा काय ठेवलात म्हणून, आणि कंगव्याचा बारीक आवाज काहीतरी समजावताना, आणि मग ती हसली. मोठ्यानं, नळबिळ न सोडता, सगळ्यांसमोर. त्या हसण्याचा मला असा राग आला, असा राग आला की तसा आयुष्यात कशाचा आला नव्हता. आणि तो राग मांडीवर घेऊन मी त्या बाकावर बसून राहिलो, ती बाहेर येईपर्यंत.